दोनशे त्र्याण्णवची ओळ

कुठे ताटकळत बसावं लागलं, की बाबा कुणाकडून तरी एक मोठी संख्या मागून घेत आणि तिला कशाने भाग जातो ते शोधत बसत. अंबरनाथच्या केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. नुसतं बसणं त्यांना जमत नसे.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलात आईला ऑपरेशनला नेत होते, तेव्हाही त्यांनी विचारलं, "मालिनी, एक संख्या सांग."

"अहो, आत्तासुद्धा?" स्ट्रेचरवरून आई म्हणाली. "घ्या, दहा लाख नऊ. निदान नर्सना पिडणार नाही."

हजारपर्यंतच्या एकाही मूळ संख्येने तिला भाग गेला नाही, तर तीही मूळ संख्या. म्हणजे एकशे अडुसष्ट भागाकार. बाबांनी सगळे भाजक वहीच्या समासात लिहून काढले आणि आयसीयूबाहेर रोज दहाच भागाकार केले. लवकर संपले, तर पुढे काय करायचं?

सातव्या सकाळी आई गेली. उरलेले भागाकार त्यांनी तेराव्यानंतर घरी केले आणि खाली लिहिलं : मूळ संख्या. मालिनीने नकळत काय संख्या निवडली बघा, असं ते पंधरा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले.

गेल्या रविवारी बदलापूरच्या घरी त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली. आता ते ऐंशीचे आहेत.

"वैदू, एकदा पडताळून ठेव. कॉम्प्युटरवर नको, हाताने."

मी दुपारभर पडताळत होते. २८३ : भागाकार ३५३३, बाकी १७०. बरोबर. ३०७ : भागाकार ३२५७, बाकी ११०. तेही बरोबर. मधली २९३ची ओळ कोरी होती. मी भागून पाहिलं. ३४१३. बाकी शून्य. पुन्हा केलं, पुन्हा शून्य.

वही मिटून 'बरोबर आहे' म्हणता आलं असतं. पण हवं तसं रीडिंग लिहायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"बाबा, एक ओळ राहिलीय."

"माहितीय. दोनशे त्र्याण्णव." ते चष्मा पुसत राहिले. "तेवढ्यात सिस्टर बोलवायला आली. नंतर किती वेळा तिथे पेन्सिल टेकवली. होत नाही गं माझ्याने. जातो का भाग?"

"जातो. तीन हजार चारशे तेरा."

त्यांनी चष्मा घातला आणि समासातले पुढचे भाजक मोजले.

"म्हणजे पुढच्या एकशे सहा भागाकारांची गरजच नव्हती. तिथेच थांबायला हवं होतं मी."

"थांबून काय केलं असतंत, बाबा?"

त्यांनी पेन्सिल मागितली. कोऱ्या ओळीत ३४१३ लिहिलं, मग शून्य. शेवटच्या पानावरचे 'मूळ संख्या' हे शब्द पट्टी धरून खोडले. मग मागे येऊन ३०७पासून खाली एकेका बाकीवरून बोट फिरवत गेले.

"हे तर बरोबर आहेत ना सगळे?"

"सगळे बरोबर आहेत," मी म्हणाले.