धरून ठेवा, हलू नका

"ह्यांना काम सांगशील तेव्हा थांबायचं कधी तेही सांगत जा. नाहीतर ते करतच बसतील."

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी हे बजावलं होतं आणि तिने ते हसण्यावारी नेलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात बायको नवऱ्याबद्दल असं काहीबाही बोलायचीच, असं तिला वाटलं. सासरे कागदाच्या गिरणीत बॉयलरवर होते. पुढच्या पाळीचा माणूस येऊन "सोडा" म्हणाला की मगच जागा सोडायची, हा तिथला नियम. एकदा तो माणूस आलाच नाही, तर हे दोन पाळ्या उभे. "आणि डबा तसाच भरलेला परत आणला," सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यांच्या लेखी खरा गुन्हा तोच होता.

त्या दुपारी सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेलेल्या होत्या. घरात ती, सासरे आणि अडीच वर्षांची चिमणी. नवरा जहाजावर इलेक्ट्रिशियन. त्याचं नवं जहाज पाच वाजता टीव्हीवर दाखवणार होते, डेकवर उभ्या असलेल्या खलाशांसकट. सासूबाई परत आल्यावर त्यांना दाखवता यावं म्हणून ते टेप करून ठेवायचं, असं सासऱ्यांच्या मनाने घेतलं होतं. व्हिडिओ रेकॉर्डर नवऱ्याने मागच्या सुट्टीत आणला होता आणि तेव्हापासून तो खोक्यातच होता. चिमणी कुठे बोट घालील याची तिला धास्ती.

ती विज्ञानाची पदवीधर. दुकानातल्या माणसाला कशाला बोलवायचं, म्हणून तिने पुस्तिका उघडली आणि एकेक पायरी करत गेली. अँटेनाची वायर टीव्हीतून काढून रेकॉर्डरच्या मागे लावली. रेकॉर्डरमधून निघणारी दुसरी वायर टीव्हीला जोडली. टीव्हीवर रेकॉर्डरसाठीचा चॅनेल लावला. आणि पडद्यावर मुंग्या आल्या. नुसत्या मुंग्या, खरखर, मध्येच कुणाचा तरी अर्धा खांदा.

"अँटेना हलली असणार," सासरे म्हणाले. "मी बघतो वर जाऊन."

"बाबा, ऊन आहे. टोपी तरी घाला."

"बॉयलरपुढे आयुष्य गेलं माझं, सूनबाई. ऊन कसलं सांगतेस!"

त्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. खिडकीतून मान बाहेर काढली की गच्चीवरचा आवाज ऐकू यायचा, माणूस दिसायचा नाही. मग सुरू झाली ती सगळ्या घरांत होते तीच आरडाओरड.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"आवाज आला! माणूस नाही आला!"

"आवाज कुणाचा मग, भुताचा?"

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई हसली. तीही हसली.

"अँटेनाच्या नळीचा नट ढिला झालाय," वरून आवाज आला. "हाताने धरली की बसते, सोडली की फिरते. खालून पाना दे जरा!"

"आणते!" ती म्हणाली. पाना तिने हत्यारांच्या डब्यातून काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तेवढ्यात मागे खरखर बंद झाली. वळून पाहिलं तर पडद्यावर लख्ख चित्र. एक गृहस्थ गुलाबाची छाटणी कशी करायची ते सांगत होते. काट्यान् काटा दिसत होता.

"आलं! आलं!" ती खिडकीतून ओरडली. "धरून ठेवा! हलू नका!"

"सोडू नको ना?"

"नको, मुळीच नको!"

आत चिमणी ठसकली. तिला सकाळपासून कणकण होती, आणि आता औषध, पाणी, ओला झालेला फ्रॉक, सगळं एकदमच आलं. फ्रॉक बदलून, कपाळावर हात ठेवून, पुन्हा थर्मामीटर लावून तिने मुलीला मांडीवर घेतलं. पडद्याकडे एक डोळा होताच. चित्र एकदाही हललं नाही. बाबांनी नट आवळला असणार, तिने मनाशी म्हटलं, आणि आता नेहमीसारखे पाण्याच्या टाकीच्या सावलीत शेजाऱ्याशी गप्पा छाटत बसले असणार.

छाटणीनंतर कलमं झाली, कलमांनंतर खतं. मग पडद्यावर बातम्यांच्या आधीचं घड्याळ आलं. त्यात नऊ वाजले होते.

तिने भिंतीकडे पाहिलं. पाचला दहा कमी.

क्षणभर तिला वाटलं, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. मग तिची नजर टीव्हीखालच्या, रेकॉर्डरच्या रिकाम्या खोक्यावर गेली. तिच्या भावाने दिलेली टेप त्यात होती, तिच्यासाठी त्याने बागकामाचा कार्यक्रम टेप करून ठेवला होता. आता ती तिथे नव्हती. चिमणीला फटीत वस्तू सरकवायचा नाद होता; टेप तिनेच रेकॉर्डरमध्ये सरकवली होती. चुकून पुसली जाऊ नये म्हणून मागची पट्टी मोडलेली टेप आत गेली की बटण न दाबता आपोआप सुरू होते, हे तिने पुस्तिकेत नंतर वाचलं. चित्र गच्चीवरून आलंच नव्हतं.

आणि पाना खिडकीच्या कट्ट्यावर तसाच पडलेला होता.

मुलीला काखेत मारून ती जिना चढली. गच्चीवर टाकीच्या सावलीत कुणी नव्हतं. सासरे भर उन्हात उभे होते, दोन्ही हात वर, नळीला धरलेले. टोपी खाली पडली होती. ती उचलायला ते वाकले नव्हते. ओठ पांढरे पडले होते. चाळीस मिनिटं झाली होती.

"सोडू?" त्यांनी विचारलं.

"सोडा, बाबा, सोडा!"

पण बोटं उघडेनात. मुलीला खाली ठेवून तिने त्यांचं एकेक बोट नळीवरून सोडवलं. शेवटचं बोट सुटताच ते खालीच बसले, मग कलंडले. तिने त्यांना ओढत सावलीत नेलं, टाकीच्या नळाखाली पदर भिजवून त्यांच्या मानेवर ठेवला आणि कठड्यावरून समोरच्या बाईला हाक मारली. बाईने तळमजल्यावरच्या डॉक्टरांना पाठवलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. "आणखी पंधरा मिनिटं झाली असती तर मला बोलावून उपयोग नव्हता," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता म्हणाले, ते एका परीने बरंच झालं.

जहाज पाच वाजता आलं आणि गेलं. त्यांच्या घरात कुणी पाहिलं नाही.

रात्री ती पाणी पाजत असताना सासऱ्यांनी डोळे उघडले. "चित्र हललं का मध्ये?"

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

"मग झालं," म्हणून ते झोपले.

खोटं तिने काहीच सांगितलं नव्हतं. खरं सांगायला तिला चार दिवस लागले. सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं, उजवा खांदा चोळला आणि म्हणाले, "मला काय ठाऊक, चित्र कुठनं येतंय ते. तू सोडा म्हणाली नव्हतीस." त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर तिला बरं वाटलं असतं. सासूबाईंना पत्राने कळवलं, तर उलटटपाली एकच ओळ आली: मी काय म्हटलं होतं?

तो खांदा पुढे कधी पूर्ण वर गेला नाही. रेकॉर्डर तिने नणंदेकडे पाठवून दिला. बांधताना तिने पुस्तिका पुन्हा एकदा उघडली. जोडणीच्या दहा पायऱ्या होत्या, प्रत्येकीला चित्र. दहाव्या पायरीखाली थोडी कोरी जागा होती. तिथे तिने बॉलपेनने, कुणालाही वाचता येईल अशा ठळक अक्षरात लिहिलं:

"११. चित्र लख्ख आलं तरी बसू नका. वर ज्याला 'धरून ठेवा' म्हणालात, तो अजून धरून उभा असेल. नुसती हाक मारू नका, जिना चढा. हे वाचताय ना? मग पुस्तिका खाली ठेवा आणि आधी त्याला बघून या."