तेवीस तास

आबांचा उजवा पाय जन्मापासून आत वळलेला. तळवा जमिनीला टेकायचाच नाही. पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत त्यांनी सदुसष्ट वर्षं काढली. बसून करता येतं म्हणून बुकबाइंडिंग शिकले, त्यात नाव काढलं. पायाचा विषय घरात निघायचा नाही, हा दंडकही त्यांनीच घातलेला.

त्यामुळे नात जन्मली आणि तिची दोन्ही पावलं आत वळलेली दिसली, तेव्हा घरात सगळे गप्प. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे असं?"

"नाही," सून पटकन म्हणाली.

आपली लाज राखतेय पोरगी, हे आबांना कळलं. त्यांनी वाकून बूट काढला, मोजा काढला. "मला आहे. नीट बघून घ्या."

डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेऊन पाहिला. "तुमचा राहून गेला. हिचा नाही राहायचा. आणि यात चूक कुणाचीच नाही, बरं का."

मग दर आठवड्याला दवाखाना. डॉक्टरीणबाई इवलंसं पाऊल हलक्या हाताने जरासं बाहेर वळवायच्या, तसंच धरून ठेवायच्या, आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर चढायचं. अशी सहा प्लास्टरं झाली. मग टाचेमागच्या शिरेला बारीकसा छेद, त्यावर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. ते निघालं तेव्हा नातीची, ठमीची, पावलं सरळ होती.

"खरी कसोटी आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मधे दांडी असलेले दोन छोटे बूट त्यांनी टेबलावर ठेवले. "तीन महिने दिवसातले तेवीस तास. नंतर फक्त झोपताना, चार वर्षांची होईपर्यंत. यात ढिलाई झाली तर पाय पुन्हा आत वळतात."

सून शाळेत शिकवायची, मुलगा बस चालवायचा. दिवसभर ठमी आबांकडे. सूनबाई सकाळी बुटांचे पट्टे आवळून निघाली, की ठमी जो सूर लावायची! पहिले दोन दिवस आबांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. पट्टे सोडले. पोरगी हुंदके देत झोपी गेली. चार वाजता, सून यायच्या आत, बूट पुन्हा पायात. मग हा रोजचाच परिपाठ झाला.

महिन्याने तपासणीत डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "उजवी टाच वर उचलली जातेय. बूट पूर्ण वेळ असतात ना?"

"मी स्वतः घालते," सून म्हणाली. "एक दिवस चुकलेला नाही."

आबा पुढे झाले. "मी काढत होतो. दुपारी. ती रडायची."

पुन्हा दोन प्लास्टरं ठरली. घरी आल्यावर आबांनीच तोंड उघडलं. "पाळणाघर बघा हिच्यासाठी. माझ्या हातून व्हायचं नाही."

तिने ठमीला मांडीवर घेतलं. "आबा, राग आलाय मला. खूप आलाय. पण एक विचारू? तुमचा पाय दुखतो?"

सदुसष्ट वर्षांत असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. "रोज," ते म्हणाले. "संध्याकाळी तर पाऊल टेकवत नाही. बाहेरच्या कडेला घट्टा पडलाय, तो फुटतो. तुझ्या लग्नात दोन तास उभा होतो ना, नंतर आठवडाभर अंथरुणात होतो. कुणाला सांगितलं नाही."

"मग रडू द्या तिला. पाळणाघर नको. पण पट्टे सोडावेसे वाटले तर आधी मला फोन करायचा. वर्गात असले तरी."

प्लास्टरं निघाली, बूट परत आले. पहिल्या दिवशी तीन फोन झाले, दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी ठमीला कळलं, दोन्ही पाय एकदम झाडले की दांडी पाळण्यावर धाडकन आपटते. मग ती दुपारभर आपटतच राहिली. आबांचं डोकं उठलं, पण फोन केला नाही.

चौदाव्या महिन्यात ती भिंत सोडून चालली. मुलगा नि सून तिच्या तोंडाकडे बघून टाळ्या पिटत होते. आबा फरशीवर बसून टाचांकडे बघत होते. डावी टेकली. उजवी टेकली, पुरती टेकली. पाचव्या पावलाला ती धप्पकन बसली, आणि तिचं तिलाच हसू आलं.

त्या रात्रीही झोपताना बूट चढलेच. पट्टे आबांनी आवळले.