खाटेवरचं टेबल

रामदासपेठेत नवं हॉटेल उघडणार आणि तिथल्या वेटरला इंग्रजी यायलाच हवं, हे कळलं तेव्हा कवडू मेश्रामचं तोंड उतरलं. बारा वर्षं त्यानं सीताबर्डीवरच्या चहाच्या दुकानात कपबशा उचलल्या होत्या. ते दुकान आता रस्तारुंदीत जाणार होतं. घरी बायको तारा आणि दोन पोरी. वय छत्तीस, म्हणजे नवं शिकायला उशीर आणि हातपाय गाळायला अजून बराच अवकाश, असा गडी मधल्यामध्ये अडकला होता.

त्याला तारलं शेजारच्या बायजाबाईनं. इंदोऱ्यातली ही म्हातारी बावीस वर्षं सिव्हिल लाइन्सच्या एका बंगल्यात टेबल लावत आली होती. अक्षरओळख शून्य, पण नॅपकिन, फोर्क, क्वार्टर प्लेट तिच्या तोंडी मीठमिरचीसारखे. कवडू वही-पेन घेऊन शिकायला गेला, तर तिनं वही आधी बाजूला सारली.

"लिहू नोको गा. गिऱ्हाईक समोर बसन आन तू वही पाहात राहशीन काय? हात चालला का शब्द निघाला पायजे."

अंगणात खाट टाकली, वर धुतलेलं लुगडं अंथरलं, झालं टेबल. पळसाच्या पत्रावळी प्लेटा झाल्या, कडुनिंबाच्या काड्या फोर्क. गडू उचलताना "वॉटर, सर?", पत्रावळ उचलताना "मे आय टेक धिस, सर?" शब्द अडला की बाई सगळं मोडून पुन्हा मांडायला लावी. शाळेतला मास्तर परवडला, असं कवडूला रोज वाटे आणि रोज संध्याकाळी तो मुकाट्यानं तिच्या अंगणात हजर होई. असे चाळीस दिवस गेले.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ताराचा भाऊ ओमप्रकाश म्हणाला, "भाटवे, बायजाबाईचं नाव नोका घेऊ. हाकलून देतीन. जबलपूरच्या क्लबात होतो म्हना."

कवडूच्या मनाला ते खुपलं. पण पोरींकडे पाहून त्यानं मान डोलावली.

मॅनेजरसाहेबांनी त्याला पांढऱ्याशुभ्र टेबलाशी उभं केलं. "चौघांचं टेबल लाव. बोलत बोलत लाव."

हात चालू लागले आणि शब्द आपोआप निघत गेले. एकही अडला नाही. पण चौथ्या खुर्चीपाशी पोचेपर्यंत साहेब हसायला लागले होते. कवडू कमरेतून असा वाकला होता की धानाचं रोवणं चाललंय असं वाटावं. नाक जवळजवळ प्लेटीत.

"अरे, एवढा का वाकतोस? शिकलास कुठल्या क्लबात?"

जबलपूर अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण त्या म्हातारीनं चाळीस दिवस आपल्यासाठी अंगण झाडलं, आणि आपण तिलाच झाकून ठेवायचं? कवडूला स्वतःची लाज वाटली.

"क्लबात नाही, साहेब. खाटेवर शिकलो. आमच्या इंदोऱ्याच्या बायजाबाई रामटेके हायत, त्याइनं शिकवलं. खाट ठेंगणी होती, म्हणून सवय पडली."

साहेबांचं हसू थांबलं. खाट कशी, काड्या कशाच्या, त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाले, "पाठ सरळ करायला दोन दिवस पुरतील. हे शब्द शिकवायला मला सहा महिने लागतात. सोमवारपासून ये."

कवडू घरी न जाता थेट बायजाबाईकडे गेला. ती ताटात तांदूळ निवडत बसली होती. त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मावशी, लागलो कामाले. तुयामुळं माह्या पोरी जेवतीन वं."

"बरं झालं बापा. कोठी शिकला म्हणून इचारलं असन त्याइनं?"

"इचारलं. तुयं नाव सांगतलं."

तिचा हात ताटातच थांबला. "सायबापुढं? काय म्हणून सांगतलं?"

"बायजाबाई रामटेके. पुरं नाव."

तिनं ताट बाजूला सारलं.

"बावीस वर्सं त्या बंगल्यात मी नुसती आया होती गा," ती म्हणाली. "अजून एक डाव सांग, कसा बोलला तं."

कवडूनं सांगितलं. ती रडायला लागली, तेव्हा त्यानं पुन्हा सांगितलं.