पाटीवरची रत्नमाला

अण्णांना हॉटेलातून दंडाला धरून बाहेर काढलं. पण घरी सांगायचं ठरलंय, असं काही झालेलं नाही. आम्ही दोघं बापलेक क्रांती चौकाजवळच्या एका नव्या जुन्या हॉटेलात नाश्त्याला गेलो आणि नाश्ता करून आलो, एवढंच.

नवं जुनं म्हणजे हॉटेल उघडलं गेल्या दिवाळीत, पण आत सगळं मुद्दाम गंजवलेलं. रेडिओ आहे, वाजत नाही. काळा फोन आहे, लागत नाही. कोपऱ्यात स्कूटर आहे, तिला इंजिन नाही. आणि गल्ल्याच्या वर आमची पाटी: ‘रत्नमाला हॉटेल, पिशोर’. त्यातलं पिशोर तेवढं खरवडून काढलेलं.

रत्नमाला म्हणजे माझी आई. पिशोरच्या स्टँडसमोरचं आमचं हॉटेल रस्ता रुंदीकरणात गेलं, तेव्हा ती दवाखान्यात होती आणि अण्णा तिच्या उशाशी. मागं उरलेलं सामान भंगारवाल्यानं उचललं, त्यात पाटी गेली. पुढं आईपण गेली. पाटी तेवढी परत सापडली. माझ्या बहिणीला, तनुजाला, एका रीलमध्ये दिसली. पाटीखाली कुणीतरी मुलगी डोळे मिटून बनमस्का खात होती.

अण्णा पहिल्या एसटीनं आले. काखेत धुतलेलं पोतं अन् सुतळीचं बंडल. पाटी बांधून न्यायला. मी वाळूजच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून थेट आलो.

“गोडीत मागायची,” अण्णा म्हणाले. “भांडायचं नाय. आपलीच हाय.”

शटर नुकतंच वर गेलेलं. पहिलं गिऱ्हाईक आम्हीच. मेनूकार्डाच्या दुसऱ्या पानावर ‘आमची कहाणी’ होती. अण्णांनी चष्मा लावला.

रुस्तम नावाचा एक देखणा इराणी होता. रत्नमाला नावाची गाणारी रोज सकाळी त्याच्याकडं चहाला यायची. एक दिवस आली नाही. त्यानं हॉटेलाला तिचं नाव दिलं आणि जन्मभर लग्न केलं नाही. खाली लिहिलेलं: तिच्या आवडीचे कांदेपोहे, चीज घालून.

अण्णांनी कार्ड उलटून मागची बाजूही बघितली. मग हळूच विचारलं, “सत्या, ह्यो रुस्तम कोण?”

“मला काय ठाऊक, अण्णा?”

“तुझी माय कधी बोलली नाय.” थोड्या वेळानं, “चीज तर तिनं जल्मात खाल्लं नाय.”

मॅनेजर आला. हिमांशू. डोक्यावर गांधी टोपी, पायात स्पोर्ट शूज.

“काका, ती पाटी अँटिक आहे. विकायची नाही. सेल्फी घ्या ना.”

“माझ्या बायकोची हाय ती.”

“सो स्वीट! बरेच लोक असे इमोशनल होतात. परवा एक आजोबा म्हणाले, रुस्तमला मी जवळून बघितलंय. रडले बिचारे.”

म्हणजे रुस्तमला साक्षीदार मिळाला होता.

“तुमच्याकडं काही प्रूफ?”

“हे काय, पोरगं हाय की तिचं,” अण्णांनी माझ्याकडं बोट केलं.

मी पुराव्यासारखं दिसायचा प्रयत्न केला. अंगात कंपनीचा शर्ट, बाहीला ग्रीस. हिमांशूनं मला नीट बघितलं आणि चहा पाठवतो म्हणाला.

चहा आला. आईचा एक नेम होता: दिवसाचा पहिला चहा रस्त्याचा. तो कुणाला द्यायचा नाही, दारात उभं राहून ओतायचा, मग धंदा सुरू.

“पहिला चहा ओतला का?” अण्णांनी वेटरला विचारलं.

“कशात, सर?”

अण्णा उठले. ग्लास घेऊन दारात गेले आणि ओतला. दारात हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं होतं. चहा त्यावर पडला, मुरेना, तसाच थबकून राहिला.

“आजोबा, सांडता काय?” वॉचमननं दंड धरला.

“सांडला नाय बाबा. ओतला.”

“बाहेर, बाहेर!”

मी अण्णांचं पोतं उचललं. आत कुणीतरी पाटीखाली उभं राहून फोटो काढत होतं. हिमांशू त्यांना रुस्तमची गोष्ट सांगत होता, चांगली सांगत होता.

स्टँडपर्यंत अण्णा एकच वाक्य बोलले.

“बिनलग्नाचा ऱ्हायला म्हणे. माणूस बरा दिसतो.”

अण्णांना एसटीत बसवून मी हॉटेलाच्या नावे अर्ज लिहिला, त्याचा शेवट असा:

सबब मा. व्यवस्थापक महोदयांस नम्र विनंती, की कै. रत्नमाला कडुबा निकम यांच्या संसारातून श्री. रुस्तम यांना तात्काळ कार्यमुक्त करण्यात यावे. पाटीवरील पिशोर हे गाव पूर्ववत करून पाटी अर्जदारांच्या स्वाधीन करण्यात यावी. आणि तोपर्यंत आपल्याकडील रोजचा पहिला चहा, गवत बाजूला करून, रस्त्यावर ओतण्यात यावा. पोतं व सुतळी अर्जदारांकडे तयार आहेत.