शंभराला तेरा

मित्रांनो, ज्याच्यावर रोज सकाळी लिहितात आणि रोज संध्याकाळी पुसतात, असा मी एक जुना फळा आहे. माझ्यावरचे काहीच टिकत नाही, म्हणून लोकांना वाटते की मला काही आठवतही नसेल. तसे नाही. खडू पुसला तरी त्याची धूळ लाकडाच्या रेघांत बसते. माझ्या रेघांत पुष्कळ धूळ आहे.

यंत्रे ज्या मोठ्या खोक्यांतून येतात, त्या खोक्यांच्या फळ्या जोडून एका सुताराने मला बनवले. काळ्या रंगाचे तीन हात दिले. रंग वाळल्यावर त्याने मला टिचकी मारली आणि मला न्यायला आलेल्या कारकुनाला म्हणाला, "आता ह्याच्यावर खरं लिहा नाहीतर खोटं लिहा, ह्याचं काही जाणार नाही." मी नवा होतो. मला ते कौतुक वाटले.

त्या कारकुनाने मला एका शेअर दलालाच्या कचेरीत नेले. कारकुनाच्या शर्टाच्या खिशाला कायम पांढरा डाग असायचा, म्हणून सगळे त्याला खडूभाऊ म्हणत. देशाच्या शेअर बाजाराने चांगला लाभांश देणाऱ्या पन्नास कंपन्यांची एक यादी केली होती. तिला लाभांश निर्देशांक म्हणत. ती यादी रोज माझ्यावर उतरवायची, हे खडूभाऊंचे काम. लाभांश म्हणजे कंपनीने आपल्या नफ्यातून भागीदारांना वाटलेला पैसा. माझ्यावर तीन रकाने होते. पहिल्यात कंपनीचे नाव, दुसऱ्यात तिच्या शेअरचा त्या दिवशीचा भाव, आणि तिसऱ्यात शंभराच्या भावामागे लाभांश किती पडतो तो आकडा. नावे वर्णमालेच्या क्रमाने असत. सगळी यादी वाचल्याशिवाय कुणाला कळतच नसे की सर्वांत मोठा आकडा कुणाचा. तेव्हा लोक माझ्यासमोर बराच वेळ उभे राहत. मला ते आवडायचे.

पुढे कचेरी दुसऱ्या इमारतीत गेली. जिना आणि खिडकी यांच्या मधल्या भिंतीवर मी मावेना. मालकांनी सुतार बोलावला आणि माझा एक तृतीयांश भाग करवतीने कापून काढला. आता दोनच रकाने मावत होते.

"भाव कुठं लिहू?" खडूभाऊंनी विचारले.

"भाव सोडा. तो रोज खालीवर होतो, लोकांचं डोकं फिरतं," मालक म्हणाले. "आपल्याकडे पेन्शनवाले येतात. त्यांना हातात काय पडणार ते दाखवा. आणि मोठा आकडा वर घ्या. मान वाकडी करून शोधायला लावू नका."

"मालक, भाव काढला तर आकड्याला अर्थ..."

"खडूभाऊ, फळा तुमचा की माझा?"

खडूभाऊंनी खडू उचलला. त्यांच्या घरी चार माणसे खाणारी होती. त्या दिवसापासून माझ्यावर नाव आणि आकडा एवढेच राहिले.

आता एक साधा हिशोब सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. एक कंपनी शेअरमागे सहा वाटते आणि शेअरचा भाव शंभर आहे, तर आकडा सहा. उद्या त्या कंपनीचे काही बिघडले आणि भाव घसरून पन्नासवर आला, तर माझ्यावर काय लिहिले जाईल? बारा. कारण वाटप मागच्या वर्षीचे धरतात आणि भाव आजचा. कंपनी अर्धी झाली आणि माझ्यावरचा आकडा दुप्पट झाला. बकरी वाळली की तिच्या बरगड्या लांबूनही मोजता येतात. तिची तब्येत सुधारली असे कुणी म्हणत नाही. पण भावाचा रकाना नसला की माणसे नेमके तेच म्हणतात.

मी हे पहिल्यांदा काच बनवणाऱ्या एका कंपनीच्या बाबतीत पाहिले. तिचा आकडा पाच होता. मग सात झाला, मग नऊ. ती एकेक ओळ वर सरकत पहिल्या ओळीत आली. एका सकाळी खडूभाऊंनी तिचे नाव लिहिले नाही. विचारायला कुणी आले नाही, म्हणून कुणी सांगितलेही नाही. मी मात्र शिकलो. माझ्यावरून जे नाव जायचे असते, त्याचा आकडा आधी फुगतो.

त्यानंतर मावशी आल्या. त्यांनी तीस वर्षे एका इस्पितळात आयाचे काम केले होते. वॉर्डात सगळे त्यांना मावशी म्हणत, तेच नाव त्यांच्याबरोबर बाहेर आले. अक्षरे त्या पन्नाशीनंतर शिकल्या होत्या. माझ्यासमोर उभ्या राहून, ओठ हलवत, एकेक नाव लावून वाचायच्या आणि एखादे जोडाक्षर सुटले की स्वतःशीच हसायच्या. मित्रांनो, मला इतक्या मनापासून आजवर कुणी वाचलेले नाही.

निवृत्तीच्या वेळी मिळालेली सगळी रक्कम त्यांनी खडूभाऊंच्या सल्ल्याने एका फंडात ठेवली होती. तो फंड निर्देशांकातल्या पन्नासही कंपन्यांत थोडे थोडे पैसे ठेवायचा. दर तीन महिन्यांनी त्यातून काही यायचे. कधी जरा कमी, कधी जरा जास्त. मधे एकदा बाजार पडला तेव्हा रक्कमही घटली आणि वर्षभराने पुन्हा वर आली. ते आणि थोडीशी पेन्शन मिळून मावशींच्या खोलीचे भाडे निघायचे. पहिल्या मजल्यावर एकच खोली, आत नळ, दाराला स्वतःचे कुलूप. त्या खोलीबद्दल त्या सगळ्यांना सांगायच्या. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाटांशेजारी झोपले. आता माझ्या खाटेशेजारी कुणी नाही, काय झोप लागते म्हणून सांगू."

मग घरमालकाने भाडे वाढवले. नव्या वर्षापासून जास्त द्या, नाहीतर खोली सोडा. सोडायची तर जायचे धाकट्या भावाकडे, स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात अंथरूण टाकायला. भावजय वाईट नव्हती. "पण तिच्या घरात पाण्याचा पेलासुद्धा तिला विचारून घ्यावा लागतो," मावशी म्हणाल्या.

हे मावशी खडूभाऊंना सांगत होत्या, तेवढ्यात मुकादम आले. ते रस्त्यांच्या कामावर मुकादम होते. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता.

"मावशी, तुमचं म्हणजे पन्नास घरची धुणी धरून मूठ मूठ आणायचं. त्यापेक्षा एकच मोठं घर धरा की." त्यांनी माझ्या पहिल्या ओळीवर बोट ठेवले. पाइप बनवणारी एक कंपनी होती. आकडा आठ. "तुमच्या फंडाला किती पडतात? साडेचार? मी माझे सगळे इकडे फिरवले."

"आठ म्हणजे जवळजवळ दुप्पट," मावशी म्हणाल्या.

"मग काय सांगतोय. खोलीही राहील आणि वर चहालाही उरेल. तेव्हा मला विसरू नका म्हणजे झालं."

"मावशी," खडूभाऊ हळूच म्हणाले, "तो आकडा मागच्या वर्षीच्या वाटपावर काढलेला असतो. यंदा देतीलच असं..."

"खडूभाऊ," आतून मालकांचा आवाज आला, "गिऱ्हाइकाला फॉर्म द्या."

खडूभाऊंनी फॉर्म दिला. मावशींनी सावकाश सही केली. शेवटचे अक्षर ओळीखाली उतरले, तर त्यांनी पुन्हा गिरवून नीट केले. पन्नास कंपन्यांतला सगळा पैसा निघून एका कंपनीत गेला.

पुढच्या महिन्यात पाइपवालीचा आकडा साडेनऊ झाला. मग अकरा. मावशी रोज सकाळी बाजारहाट उरकून यायच्या आणि बोट माझ्या पहिल्या ओळीवर टेकायच्या. "माझी चढतेय," म्हणायच्या. बोटाला खडू लागायचा. तो पुसायच्यासुद्धा नाहीत, तसाच घरी न्यायच्या.

मला ओरडता येत नाही. मला एवढेच येते की दमट हवेत माझ्या अंगावर पाणी धरते. तसे पाणी त्या दिवसांत पहिल्याच ओळीवर धरले आणि आकडा फिका पडला. खडूभाऊंनी फडक्याने ओळ कोरडी केली आणि तोच आकडा पुन्हा, आधीपेक्षा ठळक, लिहिला. लिहिताना त्यांचा हात थांबला होता. पण थांबून पुन्हा चालला.

बारा झाले. तेरा झाले. खडूभाऊ मावशींकडे बघेनासे झाले. मुकादम यायचे बंद झाले होते. मावशींना वाटले, आजारी असतील.

एका सकाळी खडूभाऊ लवकर आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होते. त्यांनी माझी पहिली ओळ पुसली आणि दुसऱ्या ओळीतली कंपनी तिथे लिहिली. मग खुर्चीवर बसून राहिले.

मावशी आल्या. ओठ हलवत पहिली ओळ वाचली, मग दुसरी. बोट खाली खाली नेत शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या.

"खडूभाऊ, माझी कुठं लिहिलीय? सापडत नाही."

"लिहिली नाही, मावशी. यंदा वाटप नाही म्हणालेत. कारखाना बंद पडायला आलाय."

"काल तर तेरा होते."

"ते मागच्या वर्षीचं वाटप. भाव पडत होता, म्हणून तेरा दिसत होते."

"भाव किती पडलाय?"

खडूभाऊंनी तो भाव तोंडाने न सांगता माझ्यावर लिहिला असता तर बरे झाले असते. पुसता तरी आला असता. "तुम्ही घेतला तेव्हा शंभर होता," ते म्हणाले. "काल एकसष्ट. आज कुणी विकत घेईल तर वीस."

मावशी भिंतीकडच्या बाकावर बसल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "ताप होता तो. खाटेला अडकवलेले तापाचे कागद मी तीस वर्षं वाचले. अक्षर येत नव्हतं तेव्हासुद्धा आकडा वाचायचे आणि डॉक्टरांना बोलवायला धावायचे. आकडा रोज चढतोय म्हणजे माणूस चाललाय, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि इथं मी खूश होत बसले."

"मी सांगायला हवं होतं," खडूभाऊ म्हणाले.

"हो," मावशी म्हणाल्या. "हवं होतं."

नव्या वर्षाच्या आदल्या आठवड्यात त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर आला. उरलेले शेअर मिळेल त्या भावाला विकायच्या कागदावर सही करायची होती.

"ताई, चल लवकर. सामान खाली आलंय, गाडीवाला थांबणार नाही," भाऊ म्हणाला. "किल्ली दिलीस ना घरमालकाला?"

"दिली."

"खाट नाही हं मावायची बोळात, आधीच सांगतो. ती म्हणतेय, विकून टाका."

"विक," मावशी म्हणाल्या आणि सही केली. या वेळी अक्षर ओळीखाली गेले, ते त्यांनी तसेच राहू दिले.

जुन्या फंडाला त्या वर्षी पाइपवालीचा फटका बसला, पण पन्नासातल्या एकीचा बसतो तेवढाच. बाकीच्यांचे पैसे आले. निर्देशांकाची फेरतपासणी झाली, पाइपवाली वगळली गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. माझ्यावर पुन्हा पन्नास ओळी झाल्या. बघणाऱ्याला कळलेही नसते.

मावशी मात्र येत राहिल्या. भावाचे घर लांब होते, तरी आठवड्यातून दोन-तीनदा चालत यायच्या आणि बाकावर बसायच्या. कुणी माझ्या पहिल्या ओळीवर बोट ठेवले की विचारायच्या, "दादा, ह्याचा भाव गेल्या वर्षी काय होता? आज काय आहे?" कुणी हसायचे. कुणी म्हणायचे, "आजी, तुम्हाला काय करायचंय?" पण कुणी कुणी वळून खडूभाऊंना विचारायचे. मग खडूभाऊ खाली मान घालून दोन्ही भाव सांगायचे, आणि तो माणूस फॉर्म न घेता जायचा. खडूभाऊ मावशींना न मागता पाण्याचा पेला आणून द्यायचे. मी टांगल्या जागेवरून पाहिलेल्या गोष्टींत तेवढीच एक गोष्ट मला चांगली वाटली.

मालकांनी हे महिनाभर पाहिले. परवा ते खडूभाऊंना म्हणाले, "बाक फार जुनं झालंय. उद्या उचला. आणि त्या बाईंना सांगा, ही कचेरी आहे, दवाखान्याची ओसरी नाही."

काल दोन हमालांनी बाक उचलून नेले. मावशी काल आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी मोकळ्या भिंतीकडे पाहिले, खडूभाऊंकडे पाहिले. खडूभाऊ लिहीत होते. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा, असे मी म्हणणार नाही. मला ओल्या फडक्याने पुसले काय, कोरड्याने पुसले काय, मी टिकेन. माझी विनवणी वेगळी आहे. चढणारा आकडा पाहून हात पुढे करण्याआधी विचारा की तो कशामुळे चढतो आहे. सगळे एकाच जागी ठेवू नका, आणि ठेवलेच, तर जे गेले तरी तुमची खोली जाणार नाही तेवढेच ठेवा. आणि कुठे एखादी म्हातारी बाई तुम्ही न बोलावता तुम्हाला काही विचारू लागली, तर हसण्याआधी तिचे ऐका.

आज सकाळी माझ्या पहिल्या ओळीत तारा बनवणारी एक कंपनी आहे. गेल्या महिन्यात सात होती, आज साडेदहा आहे. एक गृहस्थ आत आले आहेत. नुकतेच निवृत्त झाले असावेत, हातात फुलांचा हार अजून तसाच गुंडाळलेला आहे. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवले आहे.

"हीच का सगळ्यांत वरची?" ते विचारत आहेत.

"हो," मालक म्हणत आहेत. "खडूभाऊ, साहेबांना फॉर्म द्या."

खडूभाऊ उठले आहेत. फॉर्म त्यांच्या हातात आहे आणि ते दाराकडे बघत आहेत. दारात कुणी नाही.