रिकामी जाणार नाही

मी लस नेणारी एक जुनी निळी पेटी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मला कशाचाही पश्चात्ताप नाही. सध्या मी चौकशी कार्यालयातल्या कपाटावर बसून आहे. माझ्या मुठीला ‘पुरावा’ अशी चिठ्ठी बांधली आहे. बांधोत बापडे.

जाड भिंती, घट्ट झाकण आणि पोटात बर्फाच्या चार चपट्या बाटल्या, एवढाच माझा संसार. उन्हातान्हात लस गार ठेवायची हे माझं काम. कौतुक फारसं वाट्याला आलं नाही. बाळ टोचल्यावर रडतं, आई त्याला पोटाशी धरते, आणि माझ्यावर कुणीतरी पिशवी ठेवून निघून जातं. एकदा एका ड्रायव्हरने माझ्यावर बसून आरामात जेवण उरकलं. झाकणाला तेव्हा आलेला पोचा अजून आहे.

माझं केंद्र नदीच्या पलीकडचं. मध्ये एक पूल, आणि पुलाच्या या टोकाला दुसरा देश. पण दोन्ही काठांवरच्या आरोग्य केंद्रांचं नातं घरोब्याचं होतं. इकडचा फ्रीज बंद पडला की तिकडून बर्फ यायचा, तिकडे बाळांची लस संपली की इकडून जायची. त्यात एक पद्धत पडून गेली होती. पेटी परत करताना रिकामी द्यायची नाही. काहीच नसलं तर निदान चार ओळींची चिठ्ठी.

असाच बर्फ घेऊन मी इकडे आले, इकडच्या बाळांची लस वाचवली, आणि त्याच आठवड्यात महामारी आली. पूल बंद झाला. मी दोन वर्षं परक्या फडताळात अडकून पडले.

लस निघाली तेव्हा इकडच्या देशाने गरजेच्या तिप्पट मागवून ठेवली. लोकांचे दोन-दोन डोस झाले, तिसऱ्याला कुणी येईना. पलीकडे पहिलाही नव्हता. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा इकडच्या मोठ्या सिस्टर माझ्याशेजारीच उभ्या होत्या.

“आमच्या सुईणबाई गेल्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हरही गेला. उरलेले आम्ही दोनशे जण रोज वॉर्डात जातोय.”

इकडच्या फ्रीजमध्ये चाळीस कुप्या होत्या, प्रत्येकीत दहा डोस. मुदत संपायला सहा दिवस. वरून हुकूम होता की सीमेपलीकडे एकही डोस द्यायचा नाही. मुदत संपेपर्यंत राखून ठेवायचे आणि मग नष्ट करायचे. ते ऐकून माझ्या पोटातला बर्फसुद्धा तापला असता.

पूल आता रोज सकाळी तासभर, फक्त सामानासाठी उघडत होता. सिस्टरनी मला फडताळातून काढलं, पुसलं, आणि स्टोअरवाल्या काकांना म्हणाल्या, “पलीकडची पेटी परत करायची राहिलीय.”

काका म्हणजे नियमाचे पक्के. त्यांनी सिस्टरच्या हातातल्या, माझ्यात एका खेपेला मावतील तेवढ्या, वीस कुप्या पाहिल्या. “मी काही पाहिलं नाही,” ते म्हणाले आणि पाठ वळवून उभे राहिले. सिस्टर घाईघाईने फ्रीजरमधल्या बाटल्या माझ्यात ठेवू लागल्या, तेव्हा मात्र काकांना राहवलं नाही.

“अहो, इतक्या कडक बर्फात लस गोठून वाया जाईल. दहा मिनिटं थांबा.” त्यांनी एकेक बाटली कानाशी धरून हलवली, आत थोडं पाणी खुळखुळल्यावरच माझ्यात ठेवली, आणि पुन्हा पाठ वळवली.

पुलावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, “आत काय आहे?”

“पेटी त्यांचीच आहे,” सिस्टर म्हणाल्या. “रिकामी पाठवायची आमच्यात पद्धत नाही. झाकण उघडायचं तर उघडा, पण गारवा गेला तर पलीकडच्या दोनशे माणसांना उत्तर तुम्ही द्यायचं.”

अधिकाऱ्याने झाकणावर ठेवलेला हात काढून घेतला.

त्या दिवशी माझ्या माणसांत मी परतले. दहा-दहाच्या रांगा लागल्या, म्हणजे फोडलेल्या कुपीतला थेंबही वाया जायला नको. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात शेवटी बाही वर केली. मित्रांनो, तेव्हा मला माझा अभिमान वाटला. अजून वाटतो.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी उरलेल्या वीस कुप्या आणायला दुसऱ्या सकाळी मी पुन्हा इकडे निघाले. गुपचूप रिकामी आले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण पद्धत ती पद्धत. डॉक्टरीणबाईंनी माझ्यात दोनशे जणांच्या सह्यांची यादी ठेवली आणि खाली ‘पोहोचली’ असं लिहिलं. पुलावर नवा अधिकारी होता. त्याने झाकण उघडलं आणि यादी काढून वाचली.

सिस्टरना कळलं तेव्हा त्या हसल्या. “मग काय, रिकामी पाठवतील होय?” एवढंच म्हणाल्या.

चौकशीत साहेबांनी त्यांच्यासमोर कोरा कागद सरकवला. “चूक झाली असं लिहून द्या, मिटवून टाकू.” सिस्टरनी लिहिलं, ‘वीस कुप्या पोहोचवायच्या राहिल्या, ही माझी चूक.’ आणि सही ठोकली. त्यांची बदली लांब कुठेतरी झाली. त्या वीस कुप्या सहाव्या दिवशी नियमाप्रमाणे नष्ट झाल्या. त्याचा पुरावा मात्र कुणी कपाटावर ठेवलेला नाही.

मित्रांनो, मला जपा, माझा पोचा काढा, असं मी म्हणणार नाही. माझं झाकण अजून घट्ट बसतं. कधी तुमच्या हाती कारभार आला, तर मला या कपाटावरून उतरवा आणि पलीकडे माझ्या घरी पाठवा. फक्त एक सांगून ठेवते, मी रिकामी जाणार नाही.