काफिल्याच्या मागे

२०२२च्या उन्हाळ्यात एका दुपारी पुष्पानं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आजीला जवळ ओढलं.

"दादी, सापडला तुहा पिक्चर."

वाळवंटातल्या खजिन्याचा तो सिनेमा आठवडाभरही चालला नव्हता. काफिल्यासाठी अस्सल पेहरावातल्या बाया हव्यात म्हणून कंपनीनं दिग्रसजवळच्या या तांड्यातून बारा जणी राजस्थानात नेल्या होत्या. रुपीबाई तेव्हा सतरा वर्षांची, सगळ्यांत लहान. तिची थोरली बहीण रामी चौथ्या दिवशी ऊन लागून गेली. तिला वाळूतच पुरून मुक्काम पुढं हलला. तिचा एकही फोटो नव्हता. 'बाईले एकटीले टाकून आलो,' असं रुपीबाई थोरल्या बहिणीबद्दल जन्मभर म्हणत आली. विहिरीच्या प्रसंगात रामी होती. तो चेहरा एकदा दिसावा, बस.

विहीर आली. नुसता नायकच पाणी प्याला.

"कापली असंल दादी. बंद करू?"

"राहू दे. आता आमी येतो."

टेकाडावरून घुंगटातल्या बाया उतरू लागल्या. हे चित्रण सहाव्या दिवसाचं. तांड्याचा रिवाज असा, की वाटेनं सर्वांत लहान बाईनं शेवटी चालायचं आणि पुढच्यांचं पडलं-झडलं उचलायचं.

"बकरीचं पिल्लू घेतलेली मी."

"मंग तुह्या मांगं कोण हाय?"

"कोणी नाई. अकराच होतो."

तेवढ्यात मागची ती बाई वाकली. वाळूतून काहीतरी डाव्या हातानं उचलून पुन्हा चालू लागली.

रुपीबाईचा हात कानाशी गेला. त्या दिवशी तिची कानाजवळ लोंबणारी चांदीची घुगरी वाटेत पडली होती आणि संध्याकाळी गाठोड्यात सापडली होती. कुणी ठेवली, हे तिनं विचारलंही नव्हतं. डावखुरी तांड्यात एकटी रामीच.

"पुन्हा लाव."

पुष्पानं तीनदा लावलं. घुंगट एकदाही सरकला नाही.

"लय चालली पोरगी," रुपीबाई पुटपुटली आणि उठून तिनं दाराची कडी काढून ठेवली.

पावसाळ्यात तो सिनेमा इंटरनेटवरून गेला, पुन्हा दिसला नाही. तांड्याच्या रीतीप्रमाणे दिवाळीला पितरांना घास देताना रुपीबाईनं रामीचं नाव गाळलं. पुष्पानं आठवण केली, तर म्हणाली, "मेलेल्याईचंच नाव घेत असते, बाई."

दोन वर्षांनी रुपीबाई गेली. पुष्पा आता पुसदला नोकरी करते, दिवाळीला तांड्यावर येते आणि घास तीच देते. रुपीबाईचं नाव घेते. रामीचं घेत नाही.